सासूबाईंच्या साड्या, टेलरची कातरणं आणि दिवाळी: गोधडी एकच करा, बाकीच्यांना काय द्यायचं ते सांगते

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली, त्यांच्या सात-आठ सुती साड्या आणि दोन नऊवारी कपाटात पडून आहेत, एक पैठणी आहे ती घडीवर फाटत आलीय, शिवाय ओळखीच्या टेलरने ब्लाउजच्या कातरणांचं मोठं गाठोडं दिलंय. घरात साधं मशीन आहे. आणि या दिवाळीला नणंदा, दीर, जावा, पोरं धरून आठ घरी हाताने केलेलं काहीतरी द्यायचंय, तर सगळ्यांना गोधडी करता येईल का.

नाही होणार. एकच करा. आणि हे मी तुम्हाला घाबरवायला म्हणत नाहीये, साधा हिशोब आहे. सहा फूट बाय पावणेचार फूट म्हणजे एका माणसाची गोधडी धरा, त्यात धावदोऱ्याच्या दोन ओळींमधे पाऊण इंच अंतर ठेवलं तर नुसती टाक्यांची रेघच ११० मीटर भरते. तीन-चार थरांतून सुई काढताना नवीन हात तासाला दोन मीटरच्या वर जात नाही, म्हणजे ५५ तास झाले. रोज दोन तास बसलात, तेही बसलात तर, चार आठवडे एका गोधडीत गेले. ओळी दीड इंचावर घेतल्या तर काम अर्ध्यावर येतं, पण मग दोन-चार धुण्यांत आतले थर सरकून गोळे व्हायला लागतात, विशेषतः आत जुनं विरलेलं कापड असेल तर. एक इंच हा मधला मार्ग, तिथे ८०-८५ मीटर होतात. आठ घरांचं गणित तुम्हीच करा.

त्यामुळे माझं सरळ म्हणणं असं की आधी काय करायचं ते ठरवून मग कापड कापायला बसू नका. आधी कापड बघा, त्याच्यात किती जीव उरलाय ते बघा, त्याच्यावरून वस्तू ठरेल. लोक यूट्यूबवर एक डिझाईन बघतात आणि चांगल्या साडीचे चार इंची चौकोन पाडून मोकळे होतात, मग कळतं की साडीच्या त्या भागाला टाका धरतच नाही.

तर पहिलं काम, सगळ्या साड्या दिवसाउजेडी खिडकीसमोर धरायच्या, एकजण इकडे एकजण तिकडे. वापरातली साडी सगळीकडे सारखी विरत नाही. बसायचा भाग आणि निऱ्यांची खालची बाजू आधी जाते, पदर आणि आत खोचलेलं टोक बरंच शाबूत असतं. उजेडात जिथे जाळी दिसेल तिथे दोन्ही अंगठ्यांनी कापड आडवं ताणून बघा. चर्र असा बारीक आवाज आला किंवा धागे फाकले तर तो भाग वर दिसायला घ्यायचा नाही, आत भरायला घ्यायचा. ताणूनही काही झालं नाही तर तो वरचा थर. इतकं साधं आहे, पण हे न करता शिवलेली गोधडी वर्षभरात वरून फाटते आणि लोक दोष शिलाईला देतात.

कातरणांच्या गाठोड्याचं दुसरंच काम आहे, तिथे सुती कुठलं आणि पॉलिस्टर कुठलं हे वेगळं करायचं. हाताला सवय असेल तर कळतं, नसेल तर कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून काडी लावा, खाली स्टीलची ताटली ठेवा. सुती कागदासारखं जळतं आणि राखाडी भुगा राहतो, पॉलिस्टर वितळून काळा कडक मणी होतो, रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो. मिक्स कापडात दोन्ही दिसेल, त्याला पॉलिस्टरमधेच धरा. हे वेगळं करायचं कारण, दोन्ही एका गोधडीत घातलं तर सुती आटतं, पॉलिस्टर आटत नाही, आणि धुतल्यावर सगळं चुण्या-चुण्या होऊन बसतं. आणि अंगावर घ्यायला पॉलिस्टर गरमच, घाम शोषत नाही. त्याची तोरणं करा, पिशव्या करा, गोधडीत नको.

मग रंग. लाल, मरून, गडद निळा आणि काळा यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. पांढरं फडकं ओलं करून कापडावर घासा, त्यावर इस्त्री दाबा, डाग उमटला तर ते कापड अजून रंग सोडतंय. मीठ घालून भिजवा, व्हिनेगर घाला असं सगळे सांगतात, बाजारी रंगाला त्याचा फारसा उपयोग होत नाही, जास्तीचा रंग निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धूत राहणं हाच उपाय. तरीही सुटत राहिला तर त्याचा बटवा करा, बटवा रोज कोण धुतंय. जुन्या साड्यांना हा त्रास कमी, त्यांचं जे जायचं ते कधीच गेलेलं असतं, आणि आटायचं तेही आटून झालेलं असतं. म्हणून नवीन कापड जुन्याबरोबर घ्यायचं असेल, समजा अस्तराला नवीन मांजरपाट आणलं, तर ते आधी धुवून वाळवून इस्त्री करून घ्या. न धुता वापरलंत तर पहिल्या धुण्यात खालचा थर आखडेल आणि वरचा फुगेल.

आता माप. याच्यात आपल्या साडीची सोय अशी आहे की कापाकापी जवळजवळ करावीच लागत नाही. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब, पन्हा पंचेचाळीस इंचाच्या आसपास. तिची लांबीत तिहेरी घडी घातली की सहा फूट बाय पावणेचार फूट, तीन थर, झाली एका माणसाची हलकी गोधडी. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास, तिची चौपदरी घडी घातली तर पावणेसात फूट लांब आणि चार थर, ती जरा जड होते, पुण्या-नाशकाच्या थंडीला बरी. तुमच्याकडे दोन नऊवारी आहेत, त्यातली जी जास्त विरलीय ती आत घाला, आणि वरून-खालून चांगल्या सहावारीचे तुकडे. मुंबईत देणार असाल तर तीन थरांच्या वर जाऊच नका, वापरणार नाहीत, माळ्यावर टाकतील.

थर अंथरायला मोठी फरशी लागते, पलंगावर होत नाही. फरशी पुसून घ्या, सगळ्यात खालचा थर उलटा अंथरून चारी बाजू ताणून चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. ताणायचं म्हणजे नुसती सुरकुती जाईपर्यंत, ओढून नाही, ओढलंत तर पट्टी काढल्यावर कापड आत येतं आणि सगळं गोळा होतं. त्यावर एकेक थर टाकायचा आणि मधून कडेकडे तळहाताने सारखा करत जायचा. कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, डबे काय असेल ते ठेवा. मग कच्चा टाका, म्हणजे थर तात्पुरते धरून ठेवणारे लांब टाके, आणि इथे आळस नको, मधोमध सुरू करून बाहेर सगळ्या दिशांना, दोन ओळींत वीतभर अंतर. सेफ्टी पिना लावल्या तरी चालतात पण मांडीवर घेऊन शिवताना टोचतात आणि जुन्या कापडाला भोकं पडतात, मला कच्चा टाकाच बरा वाटतो.

खरा टाका मात्र उलटीकडून, म्हणजे कडेपासून सुरू करून आत आत जायचं. आपल्याकडे बऱ्याच जुन्या गोधड्या अशाच आहेत, एका कोपऱ्यातून निघून चौकोनात गोल फिरत शेवट मधे. कच्च्या टाक्याने थर आधी बांधलेले असल्यामुळे हे चालतं, तो नसेल तर मधे फुगा येणारच. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी करतात तीही अशीच कडेकडून आत येते, आणि त्यांच्यात चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून तिकोनी फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. मला ती फुलं फार आवडतात, कातरणांचं सोनं करायचं असेल तर तुमच्या गोधडीच्या कोपऱ्यांना लावून बघा, तीन-चार रंगांचे छोटे चौकोन घडी करून एकात एक बसवायचे आणि मगजीच्या, म्हणजे कडेने फिरवायच्या पट्टीच्या, आत कोपऱ्यात पकडायचे.

दोरा सुतीच घ्या, कापडापेक्षा जास्त मजबूत दोरा घेऊ नका, नायलॉनचा दोरा जुन्या साडीला आतून कापतो. एकावेळी हाताच्या बोटापासून कोपरापर्यंतच्या दुप्पट एवढाच ओवा, लांब ओवला की गुंता. मेणबत्तीच्या मेणावरून एकदा ओढून घेतला की गुंता आणखी कमी होतो. ११० मीटरच्या रेघेला सव्वापट-दीडपट दोरा धरा, आणि सगळा एकाच वेळी आणा, त्याच रंगाचं दुसरं रीळ नंतर मिळेलच असं नाही. सुई लांब, बारीक आणि डोळा मोठा असलेली. दाभण नको, दाभणाची भोकं विरलेल्या कापडात बुजत नाहीत. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, पहिले दोन दिवस नकोसं वाटतं, तिसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय जमत नाही. टाके एकसारखे आलेच पाहिजेत असं मनावर घेऊ नका, पण गाठ कधीही वर दिसता कामा नये, गाठ मारून दोरा हलकेच ओढायचा म्हणजे गाठ आतल्या थरात शिरते.

मशीनवर करायची तर करा, त्यात कमीपणा काही नाही, फक्त ते दुसऱ्या जातीचं काम आहे. सोळा नंबरची सुई, टाका मोठा, आणि मिळाला तर वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही खालच्याबरोबर सरकवणारा मशीनचा फूट, लावा कारण साधा फूट वरचा थर पुढे ढकलत नेतो, शेवटी दोन-दोन इंच कापड उरतं. मशीनची गोधडी टिकते, पण हाताच्या धावदोऱ्याने जी मऊ लवचीक पडते ती त्यात येत नाही, जरा पुठ्ठ्यासारखी राहते. वेळच नसेल तर शिलाई हाताने करणाऱ्या बायकांना द्या, बऱ्याच गावांत अजून मिळतात. मजुरीत घासाघीस करू नका, वर ५५ तासांचा हिशोब दिलाय तो आठवा, त्यांचा हात तुमच्यापेक्षा दुप्पट चालतो असं धरलं तरी अठ्ठावीस तास होतात.

मगजीला बाहेरून कापड आणू नका, साडीचेच काठ कापून घ्या. अडीच इंच रुंद पट्टी लागते. सहा बाय पावणेचार फुटाला कड भरते साडेएकोणीस फूट, म्हणजे सहा मीटरला जरा कमी, आणि जोडाला-कोपऱ्याला थोडं धरून सव्वासहा मीटर. एका साडीचा एक काठ साडेपाच मीटर, म्हणजे एका काठाने पुरत नाही, दुसऱ्या काठातून पाऊण मीटर घ्यावं लागतं. उरलेला काठ टाकू नका, तो सात घरांना पुरणार आहे, सांगते कसा. कोपरे सरळ ठेवणार असाल तर सरळ पट्टी चालते, गोल करणार असाल तर तिरकी उरेब पट्टी लागेल, आणि काठाची उरेब निघत नाही, म्हणून कोपरे सरळच ठेवा.

आता ती सात घरं. इथे माझं मत असं की सगळ्यांना वेगवेगळं सुंदर काहीतरी देण्यापेक्षा सगळ्यांना त्याच साडीचं काहीतरी द्या. नणंदेला आईच्या साडीचा काठ लगेच ओळखू येतो. गोधडी ज्याच्याकडे जाईल, बहुतेक धाकट्या नणंदेकडे किंवा जिथे लहान पोर आहे तिथे, तिच्या मगजीचा तोच काठ बाकीच्यांच्या वस्तूंवर असू दे. आणि कापायला घ्यायच्या आधी सगळ्यांना एक फोन करा. कुणाला एखादी साडी अख्खी हवी असते, कुणाला गेलेल्या माणसाचं कापड अंगावर घ्यायला आवडत नाही, दोन्ही खरं असतं आणि दिवाळीच्या फराळाला हा विषय निघायला नको.

छोट्या वस्तूंत सगळ्यात जास्त वापरलं जातं ते पोळीच्या डब्यातलं फडकं. कुणाला सांगितलं तर हसतात, पण दिलेल्या घरी ते रोज हाताळलं जातं. साडीचा सगळ्यात मऊ विरलेला भाग, जो गोधडीच्या वर चालत नाही तो, दोन थर, डब्याच्या मापापेक्षा बारा इंच मोठा चौकोन म्हणजे चारी बाजू पोळ्यांवर दुमडता येतात, कडेने काठाची बारीक पट्टी, मधे धावदोऱ्याच्या चार-पाच ओळी. जरीचा काठ असेल तर इथे लावू नका, वाफेने आणि धुण्याने काळा पडतो. एका घराला दोन द्या, एक धुण्यात एक डब्यात.

बटवा खणाच्या कातरणांचा करा. तुमच्या गाठोड्यात खण असणारच, आता सगळ्याजणी खणाचे ब्लाउज शिवतात. खण मूळचा बागलकोटकडचा, गुळेदगुड्डचा, विणीतच नक्षी आणि दोन्ही कडांना काठ, दिसायला भरलेला पण कापल्यावर दशा फार सुटतात, हात लावाल तिथे धागे. म्हणून कापायच्या आधी मागून पातळ फ्युजिंग, म्हणजे एका बाजूला गोंद असलेलं अस्तर, इस्त्रीने चिकटवून घ्या आणि मगच कात्री लावा, शिलाईला अर्धा इंच सोडा. दोन तुकडे, सात इंच रुंद, नऊ इंच उंच. खणाचा काठ तोंडाकडे येईल असं कापायचं, म्हणजे कड आपोआप पक्की मिळते. अस्तराला विरलेली साडी. दोन्ही तुकडे सुलट बाजू आत करून तीन बाजूंनी शिवायचे, पण वरून दोन इंच खाली आलात की दोन्ही कडांना अर्धा इंच शिलाई मोकळी सोडायची, तिथून नाडी जाणार. अस्तराची पिशवी वेगळी शिवून आत घाला, तोंड काठाखाली हाताने टाचून टाका, मग त्या मोकळ्या जागेच्या वर आणि खाली एकेक गोल शिलाई मारा, झाली नाडीची वाट. नाड्या दोन घ्यायच्या, एक उजव्या फटीतून घालून पूर्ण फिरवून उजवीकडेच काढायची, दुसरी डावीकडून डावीकडे. दोन्ही ओढल्या की तोंड घट्ट मिटतं. एकच नाडी घातली तर बटवा एका बाजूला तिरका मिटतो. नाडीच्या टोकांना कातरणांचे छोटे गोंडे लावा. तळाचे दोन कोपरे आतून दीड इंचावर आडवे शिवलेत तर बटवा टेबलावर उभा राहतो, यात भाऊबीजेचे पैसे किंवा सुकामेवा घालून द्या.

गरम भांडं धरायचे हातरुमाल करणार असाल तर शंभर टक्के सुती, मधे जुन्या टर्किश टॉवेलचे दोन थर. एकाही थरात पॉलिस्टर आलं तर कढईला चिकटेल आणि हात भाजेल. हाच नियम पणतीच्या आसपास जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला, पणतीखाली ठेवायचं कापडी आसन वगैरे प्रकार फोटोत छान दिसतो पण मी तरी करत नाही, तेल सांडतं आणि वात पडली तर पेटतं. खणाचा आकाशकंदील करायचा असेल तर आत एलईडीच. तोरण मात्र खुशाल करा, पॉलिस्टरची कातरणं तिथेच संपतात, चार इंची चौकोनाचे त्रिकोण दुमडून एका पट्टीत ओळीने पकडायचे, पोरांना बसवा कामाला.

लहान बाळ असलेल्या घरी दुपटं द्या, छत्तीस इंची चौकोन, दोन थर, बास. बाळाला टिकल्या, मणी, बटणं काही नको, आणि धावदोऱ्याचे टाके लहान घ्या म्हणजे बोटं अडकत नाहीत. बाळ अजून यायचं असेल तर देण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, बऱ्याच घरी आधीपासून बाळाचं काही आणून ठेवत नाहीत, तिथे शिवून तुमच्याकडेच ठेवा.

पैठणीचं सगळ्यात शेवटी, कारण तिला घाई नको. घडीवर फाटलीय म्हणजे रेशीम तिथे कुजलंय, तिची गोधडी करू नका, रेशमाला धुण्याचा भार सोसत नाही आणि जर टोचते. पदर अख्खा असेल तर तो कापूच नका. मलमलीत गुंडाळून ठेवा, घडी दर काही महिन्यांनी बदलत राहा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. फक्त अंगातले फाटलेले भाग वापरा, मागून फ्युजिंग लावून त्याचे बुकमार्क, चष्म्याची केस, छोटी चौकट. फ्युजिंगची इस्त्री मध्यम ठेवायची आणि मधे सुती कापड घालून दाबायची, जरीवर थेट इस्त्री नाही.

वेळेचं म्हणाल तर गौरी-गणपती उठले की थर अंथरा. पितृपक्षात नवीन काही सुरू करायचं नाही असं घरात असेल तर त्याच्या आधी निदान कच्चा टाका पडू दे, पुढे चालू कामाला कुणी काही म्हणत नाही. नवरात्राआधी घरातल्या गोधड्या धुवायला निघतात तेव्हा जुन्या गोधड्या एकदा उलट्या करून बघा, कुठे फाटतात, कुठे टाका टिकलाय, तिथे जितकं कळतं तितकं व्हिडिओत कळत नाही. दसऱ्यापर्यंत गोधडीचे टाके संपवून मगजीवर या. फडकी आणि बटवे दसऱ्यानंतर, तीन बटवे एका बैठकीत कापून ठेवले तर दुसऱ्या दिवशी शिवून होतात. पूर्ण झालेली गोधडी देण्याआधी एकदा धुवाच, थंड पाण्यात, साबण कमी, पिळायची नाही, दोन दोऱ्यांवर आडवी पसरून सावलीत. कुठे टाका सुटला, कुठे रंग लागला ते तुमच्याच घरी कळू दे. आणि देताना चिठ्ठी लिहा की गरम पाणी आणि ड्रायर नको, परदेशातल्या दिराकडे जाणार असेल तर हे ठळक लिहा, तिकडे सगळं ड्रायरमधेच टाकतात.